सीआरपी नॉर्मल आला म्हणून छातीचा फोटो (एक्स-रे) टाळू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्तातल्या सुजेच्या टेस्ट आणि फुप्फुसाचे आजार यावर लेख आला होता, त्याबद्दल लिहितेय. लेखातली माहिती बरोबर होती, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. पण पुरवणी आल्यापासून आमच्या लॅबच्या काउंटरवर लोक येऊन "मॅडम, ती फुप्फुसाचा कॅन्सर कळायची सीआरपी करायचीय, किती पैसे?" असं विचारायला लागलेत. सीआरपी ही अंगात कुठंतरी सूज आहे एवढंच सांगणारी रक्ताची टेस्ट आहे, फुप्फुसाच्या कॅन्सरची अशी टेस्ट नसते हे सांगितलं की त्यांना वाटतं आमच्याकडे मशीनच नाही, मग ते दुसरीकडे जातात आणि तिथं त्यांच्या हातात पॅकेज पडतं. मी इचलकरंजीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी कुठलं औषध घ्यावं यात मी पडणार नाही, पण रक्त काढण्यापासून रिपोर्टवर आकडा उमटेपर्यंतचं सगळं काम रोज माझ्या हातातून जातं आणि त्या आकड्यावर माणसं काय काय निर्णय घेतात तेही समोर दिसतं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सीआरपी हे नाव आपल्याकडे घरोघरी गेलं ते कोरोनात. २०२०-२१ मध्ये नातेवाईकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर लग्नाच्या फोटोंऐवजी सीआरपी, डी-डायमर, फेरिटिनचे रिपोर्ट फिरत होते, आयएल-६ हे नाव तर आठवी शिकलेल्या माणसाच्या तोंडीसुद्धा बसलं होतं. त्यातून लोकांच्या डोक्यात एक हिशोब पक्का झाला की सीआरपी वाढला म्हणजे फुप्फुसाला धोका आणि नॉर्मल आला म्हणजे फुप्फुस ठीक. कोरोनाच्या त्या दहा-पंधरा दिवसांपुरतं ते बऱ्यापैकी चालून गेलं. पण तोच हिशोब वीस-तीस वर्षं बिडी ओढलेल्या, नाहीतर सायझिंगमध्ये (सुताला खळ लावतात तिथं) आणि लूमवर (यंत्रमागावर) कापसाची धूळ खाल्लेल्या माणसाला लावला की घात होतो, आणि तो घात मी बघितलाय.

सीआरपी फुप्फुसात तयार होतच नाही, तो होतो लिव्हरमध्ये. शरीरात कुठंही जंतू शिरले, जखम झाली, सांधा सुजला, दाताखाली पू झाला, कुठं गाठ वाढायला लागली की तिथल्या पेशी आयएल-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. काही तासांत आकडा चढतो, दोनेक दिवसांत सगळ्यात वर जातो, आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्म्यावर येतो. हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांना, आणि तोही न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात, म्हणजे फुप्फुसाशी त्याचं नातं अगदी जन्मापासूनचं आहे. पण आमच्याकडे मिलचा भोंगा अवेळी वाजला तर काहीतरी झालंय एवढंच गावाला कळायचं, कुठल्या खात्यात काय झालंय ते बघायला आत जावंच लागायचं, तसं हे आहे.

ईएसआरचंही, म्हणजे लाल पेशी किती भराभर खाली बसतात त्या टेस्टचंही तेच. अजूनही बऱ्याच ठिकाणी ती जुन्या वेस्टरग्रेन पद्धतीनं होते. चार भाग रक्त, एक भाग सायट्रेट, शून्य ते दोनशे खुणांची लांब काचेची नळी, ती स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची आणि एक तास हात लावायचा नाही. रक्तात फायब्रिनोजेन (रक्त गोठवायला लागणारं प्रोटीन) वाढलेलं असलं की लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात, वर पिवळसर पाण्याचा थर उरतो, तो किती मिलिमीटर उरला तो ईएसआर. स्टँड जरा तिरका असला तरी आकडा वाढतो. ॲनिमिया असला तरी वाढतो, वयाबरोबर वाढतो, पोटुशी बाईचा वाढतो. टीबीच्या पेशंटवर लक्ष ठेवायला ही टेस्ट शंभर वर्षांपूर्वीपासून वापरतात आणि म्हणूनच आपल्याकडे ईएसआर वाढला की पहिला शब्द टीबी निघतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट आधी महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आलेले असतात हे छातीचे डॉक्टर कायम सांगतात, त्यामागं खोकला, वजन घटणं, फोटोतला डाग यांच्याबरोबर कितीदा हा ईएसआरचा आकडाही असतो. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची टेस्ट) सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती न करता नुसत्या ईएसआरवर आणि फोटोवर टीबीचा कोर्स सुरू होणं हे आजच्या काळात मला तरी पटत नाही.

आता जे बघितलं ते सांगते. लूमवर उभं आयुष्य काढलेले एक काका, साठीच्या पुढचे, बिडी कायमची, खोकला तर इतका जुना की घरच्यांना तो ऐकूच येत नव्हता. पोरानं वाढदिवसाला फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, त्यात साठ-सत्तर टेस्ट, सीआरपी पण होता. सीआरपी रेंजमध्ये, ईएसआर वयाच्या मानानं ठीक, साखर ठीक. काका रिपोर्ट घडी करून खिशात ठेवून सगळ्यांना दाखवत फिरत होते, "रक्त एकदम क्लीन हाय बघा, आता बिडीला कोण काय बोलायचं न्हाई." त्या आधीच डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलेला, तो या रिपोर्टच्या जोरावर राहिला. पुढं थुंकीत रक्त दिसलं तेव्हा फोटो निघाला, मग सीटी, मग कोल्हापूरला जाऊन तुकडा काढला, तोवर आजार फुप्फुसाबाहेर गेलेला. त्या रिपोर्टमध्ये एकही आकडा चुकीचा नव्हता. छोटी गाठ, सुरुवातीची गाठ, कितीदा सीआरपी हलवतसुद्धा नाही, रक्त पूर्ण नॉर्मल असू शकतं, हे त्या सुंदर रंगीत रिपोर्टवर कुठंच लिहिलेलं नव्हतं, हिरव्या रंगात "सामान्य" मात्र छापलेलं होतं. माझा राग त्या हिरव्या रंगावर आहे.

उलट बाजूही आहे. पॅकेजमध्ये "कॅन्सर मार्कर" म्हणून सीईए (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा पदार्थ) टाकतात. बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा सीईए कॅन्सर नसतानाही थोडा वर असतो, हे लॅबमधल्या शिकाऊ पोरालाही माहीत असतं. पण रिपोर्टवर ठळक अक्षरात जास्त असं आलं की त्या घरात झोप उडते, मग सोनोग्राफी, मग सीटी, मग पुन्हा सीईए, आणि हे सगळं कर्ज काढून. ज्याचा कॅन्सर आधीच कळलाय आणि उपचार चालू आहेत त्याच्यासाठी हे मार्कर उपयोगी, काहीही त्रास नसलेल्या माणसाला ते विकणं चूक आहे असं मी स्पष्ट म्हणते, मग माझ्या धंद्यातल्या लोकांना राग आला तरी चालेल.

म्हणजे या टेस्ट टाकाऊ आहेत का, तर मुळीच नाही. योग्य प्रश्न विचारला तर त्या फार चांगलं उत्तर देतात. सीओपीडीचंच घ्या, ज्याला आपल्याकडे सरसकट जुना दमा म्हणतात. भारतात २०१६ मध्ये याचे साडेपाच कोटी पेशंट होते असा अंदाज छापून आलाय. धूर आणि धूळ वर्षानुवर्षं आत गेली की श्वासनळ्यांमध्ये पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसतात, सूज कायमची होते आणि त्यातली थोडी रक्तात सांडते. पण सगळ्यांच्यात नाही. एक्लिप्स नावाचा मोठा अभ्यास झाला, १७५५ पेशंटचं रक्त घेऊन तीन वर्षं पाठपुरावा केला, पांढऱ्या पेशी, सीआरपी, फायब्रिनोजेन, आयएल-६ असे सहा मार्कर तपासले. ३० टक्के पेशंटच्या रक्तात सूज दिसलीच नाही, आणि १६ टक्क्यांच्या रक्तात ती सुरुवातीलाही होती आणि वर्षानंतरही तशीच होती. या १६ टक्क्यांमध्ये तीन वर्षांत १३ टक्के दगावले, सूज नसलेल्यांमध्ये २ टक्के. फुप्फुसाची ताकद दोन्हीकडे जवळपास सारखीच घटलेली असून. म्हणजे आजार ओळखायला नाही, पण आजार ओळखल्यावर कुणाकडं जास्त लक्ष द्यायचं हे सांगायला रक्त कामाचं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये सीओपीडीसाठी फायब्रिनोजेनला मान्यता दिली, तीसुद्धा औषधांच्या चाचण्यांमध्ये जास्त धोक्याचे पेशंट निवडायला, निदानाला नव्हे.

दुसरं, अँटिबायोटिक. थंडीत दम वाढला की प्रत्येकाला अँटिबायोटिक मिळतं, न मिळालं तर पेशंटच भांडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात ६५३ सीओपीडी पेशंटवर एक चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. दम वाढून आलेल्या पेशंटची बोटाच्या थेंबावर लगेच सीआरपी करायची. आकडा (मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) २० पेक्षा कमी असेल तर अँटिबायोटिकचा फायदा होण्याची शक्यता कमी, ४० च्या वर असेल तर फायदा होण्याची शक्यता बरीच, मधल्यांमध्ये बेडका पिवळा-हिरवा आहे का ते बघायचं. एवढ्यानं अँटिबायोटिक घेणाऱ्यांचं प्रमाण ७७ टक्क्यांवरून ५७ वर आलं आणि पेशंटची तब्येत काही बिघडली नाही. सीआरपीची टेस्ट आपल्या तालुक्याच्या गावातही होते, मग हे आपल्याकडं का होऊ नये?

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे साधी सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. जांभळ्या टोपणाची नळी, दोन मिली रक्त, वीस-पंचवीस आकडे येतात आणि पेशंट बघतो फक्त हिमोग्लोबिन. त्याच कागदावर इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात, सीओपीडीत स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा कुणाला होईल याचा अंदाज डॉक्टर त्यावरून घेतात, ३०० च्या वर असेल तर शक्यता जास्त, १०० च्या खाली असेल तर अगदी कमी. त्याच कागदावर प्लेटलेट असतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट कमी झाल्या की अख्खं गाव जागं होतं, पण वाढलेल्या प्लेटलेटकडं कुणी ढुंकून बघत नाही. इंग्लंडमध्ये चाळिशीपुढच्या लोकांमध्ये चार लाखांच्या वर प्लेटलेट असलेल्यांचा पाठपुरावा केला, तर वर्षाच्या आत ११ टक्क्यांवर पुरुषांमध्ये आणि ६ टक्क्यांवर बायकांमध्ये कुठला ना कुठला कॅन्सर निघाला, आणि त्यात फुप्फुसाचा आणि मोठ्या आतड्याचा पुढं होता. आपल्याकडं ॲनिमिया, जंत, इन्फेक्शन यांनी प्लेटलेट वाढतात त्यामुळं तोच टक्का इथं लागेल असं नाही, पण बिडी ओढणारा माणूस, खोकला, आणि प्लेटलेट पाच-साडेपाच लाख, असा कागद दिसला तर तो तसाच फाइलला लावू नये, एवढं तरी व्हायलाच हवं.

कॅन्सर कळल्यावरही हे स्वस्त आकडे कामाला येतात. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी), हा भागाकार दोन्ही आकडे सीबीसीतच असल्यानं फुकटात होतो, आणि तो जितका मोठा तितका आजार जोरात चाललाय असं साधारण दिसतं. ग्लासगोच्या लोकांनी बसवलेला एक स्कोर आहे, सीआरपी (मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) १० च्या वर आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन साडेतीनच्या खाली असेल तर सगळ्यात वाईट गट. त्या गटातल्या पेशंटचं वजन उतरत असतं, अंगातलं प्रोटीन सूज खात असते, त्यामुळं त्याच्या जेवणाकडं पहिल्या दिवसापासून बघायला हवं. घरचे मात्र "कॅन्सरला दूध चालत नाही, अंडं चालत नाही" म्हणून त्याला मुगाच्या पाण्यावर ठेवतात. हे फार वाईट वाटतं बघायला.

सूज आणि कॅन्सर यांचं नातं किती खोल आहे हे एका वेगळ्याच अभ्यासातून दिसलं. कँटोस म्हणून चाचणी होती, हार्ट अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर लोक, सगळ्यांचा सीआरपी थोडा वर, त्यांना सूज कमी करणारं एक इंजेक्शन दिलं, हेतू हृदयाचा. २०१७ मध्ये निकाल आला तर सगळ्यात मोठ्या डोसवाल्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर ६७ टक्क्यांनी कमी निघाला. आणि ज्यांना पुढं हा कॅन्सर निघाला त्यांचा सीआरपी सुरुवातीलाच बाकीच्यांपेक्षा जास्त होता. सगळ्या जगाला आशा वाटली. मग तेच औषध कॅन्सर झालेल्या पेशंटना देऊन बघितलं, तीन मोठ्या चाचण्या २०२१-२२ मध्ये एकापाठोपाठ फेल गेल्या. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये यातली पहिली अर्धी गोष्टच जास्त येते, म्हणून ही दुसरी मुद्दाम लिहिली.

दोन गोष्टी काउंटरवरच्या, ज्या लेखात नव्हत्या. एक म्हणजे एकक. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटरमधला १.२ आणि लिटरमधला १२ हा एकच आकडा आहे. एका ताई आईचे दोन रिपोर्ट घेऊन रडत आल्या होत्या, "चार दिवसांत दहा पट वाढला हो मॅडम," म्हणून, आणि आकडा जागचा हललेला नव्हता. रिपोर्ट बघताना आकड्याशेजारी काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि शक्यतो एकाच लॅबमधून करा. आणि हार्टसाठीची एचएस-सीआरपी (सीआरपी जास्त बारीक मोजणारी टेस्ट) आणि साधी सीआरपी यांच्या रेंज वेगळ्या, त्या एकमेकींना लावू नका.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडच्या गोळ्यांची. आमच्या भागात दम लागला की मेडिकलमधून सुट्ट्या बारीक पांढऱ्या गोळ्या आणून खायची सवय आहे, त्यांना दम्याच्या गोळ्या म्हणतात, आणि कितीतरी जणांना ते स्टेरॉइड आहे हे माहीतच नसतं. त्या गोळीनं न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल पडतात, म्हणजे वर सांगितलेले सगळे हिशोब उलटेपालटे होतात, सीआरपीही दबू शकतो. रक्त देताना "मावशी, कुठली गोळी चालू आहे का?" विचारलं तर उत्तर येतं, "काय न्हाई, नुसती दम्याची." कृपा करून ती पट्टी पिशवीत घालून आणत जा, आम्ही तसं रिपोर्टवर लिहू.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. फुप्फुस बघायचं असेल तर फुप्फुसच तपासावं लागतं. सीओपीडी आहे का हे फुंकायच्या टेस्टवर, म्हणजे स्पायरोमेट्रीवर ठरतं, पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नळ्या अरुंद झाल्यात. सीआरपी कितीही असो, ते त्यावरून ठरत नाही. आणि ही टेस्ट फक्त बिडीवाल्या पुरुषांची नाही. चुलीपुढं जन्म काढलेल्या बायका, ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, त्यांना हा आजार मोठ्या प्रमाणात होतो, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कितीतरी वर्षं मांडलंय. या बायका आमच्याकडं "अशक्तपणा" म्हणून रक्त द्यायला येतात, चार पायऱ्या चढून आल्या की खुर्चीत बसून आधी दोन मिनिटं नुसता श्वास घेतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं सीबीसी, ईएसआर, बी-ट्वेल्व्ह. फुंकायची टेस्ट कधीच लिहिलेली नसते.

कॅन्सरचं म्हणाल तर जास्त बिडी-सिगरेट ओढलेल्यांचा कमी डोसचा सीटी दरवर्षी काढल्यानं फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २०११ मध्ये दिसलं. आपल्याकडं टीबीचे जुने डाग इतक्या जणांच्या छातीत असतात की सरसकट सगळ्यांचा सीटी काढणं सोपं नाही, पण तीन आठवड्यांवर खोकला, खोकल्याचा आवाज किंवा जोर बदललेला, थुंकीत रक्त, आवाज बसलेला, बोटांची टोकं आणि नखं फुगून गोल झालेली, वजन उतरलेलं, यातलं काही असेल तर रक्ताचा रिपोर्ट कसाही असो, छातीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवाच. आणि फोटो क्लिअर असून त्रास थांबत नसेल तर सीटीचं विचारा, कारण हृदयामागची, बरगडीमागची गाठ फोटोत लपू शकते.

शहरात कारखानदारांच्या संघटना, मंडळं, नगरसेवक आरोग्य शिबिरं घेतात, साखर-बीपी-सीबीसी होते, फोटो निघतात, पेपरात येतात. त्याच मांडवात एक स्पायरोमीटर आणि ते नीट फुंकून घेणारा माणूस ठेवला तर लूमवरच्या आणि सायझिंगमधल्या किती लोकांचा आजार वेळेत कळेल. जिल्हा प्रशासनानं आणि छातीच्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यावं अशी कळकळीची विनंती आहे. लॅबवाल्यांना विनंती अशी की सीआरपीच्या आकड्याखाली "या तपासणीवरून फुप्फुसाचा आजार किंवा कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही" हे एक वाक्य मराठीत छापा, शाई फार लागत नाही.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या पुरवणीत रक्ताच्या रिपोर्टवर काही छापणार असाल तर सीआरपीच्या दोन्ही एककांची चौकट जरूर द्या. नावं काढून टाकलेले दोन-तीन रिपोर्टचे नमुने मी पाठवू शकते, गोंधळ कुठं होतो ते त्यात लगेच दिसेल.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, इचलकरंजी